बैलघोड्यांच्या दवाखान्यात ससा

सशाला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं, मागे येण्याची वाटच नाही. त्याचं आतडं चालू राहतं ते सतत पोटात जाणाऱ्या गवतामुळे. म्हणून सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ती आणीबाणी असते. कुत्र्याने एक वेळचं जेवण नाकारलं तर घरचे उद्या बघू म्हणतात आणि बहुतेकदा निभावून जातं. सशाच्या बाबतीत उद्यापर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं.

नाशिकमध्ये ससा पाळणारी घरं आता विरळ राहिलेली नाहीत. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकरोड, सगळीकडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पिंजरे दिसतात. मुलांच्या वाढदिवसाला ससा आणला जातो. कुत्र्याला सोसायटीची हरकत असते, सशाला नसते; तो भुंकत नाही, त्याला फिरवायला न्यावं लागत नाही, आणि विकत घेताना तो स्वस्त पडतो. या घरांतल्या माणसांशी बोललं की एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. ससा आजारी पडला की फोन करायचा कोणाला? शहरात पशुवैद्यक आहेत, चांगले आहेत, पण सशाचं नाव काढल्यावर पलीकडून क्षणभर शांतता पसरते. काही डॉक्टर सरळ सांगतात की सशाचा अनुभव नाही, दुसरीकडे दाखवा. हे सांगणारा डॉक्टर प्रामाणिक असतो आणि त्याचे आभारच मानायला हवेत. खरा धोका असतो तो सशाला लहान मांजर समजून औषध देणाऱ्याकडून.

गाईगुरांसाठी उभी राहिलेली व्यवस्था

यात एकट्यादुकट्या डॉक्टरचा दोष नाही. आपल्याकडची पशुवैद्यकी ज्या गरजेतून उभी राहिली, तिच्यात घरातला ससा कुठे नव्हताच. मुंबईत परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई प्राणी रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. मुंबईकर आजही त्या रुग्णालयाला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. शहर बैलगाडी आणि घोडागाडीवर चालत होतं, लष्कराला घोडे लागत होते, शेतीला बैल. ज्ञान गरजेमागे गेलं.

नाशिक जिल्ह्यातही तेच. सरकारी व्यवस्था म्हणजे जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने, पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक आणि शहरातलं जिल्हा पशुसर्वचिकित्सालय. सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवल्याच्या गोठ्यांतल्या गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या हा तिचा मुख्य भार. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यावर येणारं फिरतं पथकही शेतकऱ्याच्या दारात जाण्यासाठी आहे. नाशिक-पंचवटीची पांजरापोळ एकोणिसाव्या शतकापासून गोवंश सांभाळते आहे. पुढे कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने वाढले, रेबीज आणि पार्व्होच्या लसी घरोघरी पोहोचल्या. ससा या रांगेत सर्वांत शेवटी आला.

अभ्यासक्रमात ससा नाही असंही नाही, पण तो वेगळ्या रूपात आहे. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची. तिच्यात ससा भेटतो तो प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून किंवा मांस आणि लोकर देणारं पशुधन म्हणून. देशातलं सशांवरचं मोठं संशोधन झालं ते केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत. राजस्थानात अविकानगरला १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या हिमाचलातल्या गडसा केंद्रात अंगोरा सशांची लोकर आणि तमिळनाडूतल्या कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर केंद्रात मांसाच्या जाती हे विषय. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट ही नावं आपल्या ससेपालनाच्या पुस्तिकांत येतात ती तिथूनच. हे काम मोलाचं आहे. पण मांसाचा ससा साधारण बारा आठवड्यांत दोन किलोचा होऊन विकला जातो. त्याची दाढ पाचव्या वर्षी वाकडी वाढेल का, मादीच्या गर्भाशयात सहाव्या वर्षी गाठ होईल का, हे प्रश्न त्याच्या आयुष्यात येतच नाहीत. घरातला ससा आठ ते बारा वर्षं जगू शकतो. बारा आठवड्यांच्या सशाचं ज्ञान बारा वर्षांच्या सशाला पुरत नाही. अडचण नेमकी इथे आहे.

चुकीचं औषध, योग्य हेतू

ससा कुरतडतो म्हणून अनेकजण त्याला उंदराच्या कुळातला समजतात. तो त्या कुळातला नाही. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक बारीक दातांची जोडी असते, आणि पचनाची रचना तर अगदी निराळी. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सीकम नावाची मोठी पिशवी असते. तिच्यात अब्जावधी उपयुक्त जिवाणू चाऱ्याचं आंबवण करतात. तिथून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत, घडासारख्या लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. पालकांना हे किळसवाणं वाटतं आणि ते त्याला थांबवू पाहतात. थांबवायचं नसतं, ते त्याचं रोजचं जेवण आहे.

या जिवाणूंवरच सगळा डोलारा उभा असल्याने औषधाची निवड जीवनमरणाची ठरते. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसीन, लिंकोमायसीन ही प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे दिली तर उपयुक्त जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे घातक जिवाणू माजतात, त्यांचं विष रक्तात जातं आणि काही दिवसांत ससा जुलाबाने दगावतो. कुत्र्याच्या जखमेवर किंवा माणसाच्या घशावर सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलीन सशासाठी असं घातक आहे. त्याच्यासाठी एन्रोफ्लॉक्सासीन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे पर्याय वापरले जातात, अर्थात डॉक्टरने वजन करून ठरवलेल्या मात्रेत.

दुसरी नेहमीची घटना खरजेची. दुकानातून आणलेल्या सशांच्या नाकावर, कानांत, पंजांवर पांढुरकी खपली दिसणं आपल्याकडे फार सामान्य आहे. खरजेचे किडे आयव्हरमेक्टिनच्या योग्य मात्रेने, ठरावीक दिवसांनी पुन्हा दिलेल्या डोसने मरतात. पण घरात कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेला फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब असतात आणि कोणीतरी भल्या हेतूने तेच सशाला लावतं. फिप्रोनिलने सशाला झटके येतात, खाणं बंद होतं, जीवही जातो. ज्या घरात कुत्रा आणि ससा दोन्ही आहेत, तिथे ही एक गोष्ट फ्रिजवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

तिसरी बाब शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाची. कुत्र्या-मांजराला भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. सशाला उलटीच होत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवण्याचा फायदा नाही आणि आतडं थंडावण्याचा तोटा मात्र आहे. सशाला आदल्या रात्रीपासून काही देऊ नका, असं कोणी सांगितलं तर तिथे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी थांबावं.

आतडं थांबतं तेव्हा

सशाच्या डॉक्टरकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठी आतडं थांबण्याची. ससा कोपऱ्यात पाठ गोळा करून बसतो, दात करकरतो, आवडीचा कोथिंबिरीचा देठही हुंगून सोडतो. लेंड्या आधी लहान, मग केसांनी ओवल्यासारख्या, मग बंद. कारण क्वचितच एक असतं. दाढ टोचते, मूत्राशयात खडा आहे, उन्हाने जीव घाबरा झाला आहे, घरात पाहुण्यांचा गोंगाट आहे किंवा खाण्यात गवत कमी आणि बिस्किटं जास्त आहेत. दुखणं आलं की खाणं बंद, खाणं बंद झालं की वायू धरतो, वायू धरला की आणखी दुखतं.

इथे जाणकार डॉक्टर पहिला प्रश्न स्वतःला विचारतो तो हा, की आतडं नुसतं मंदावलं आहे की कुठे अडलं आहे. मंदावलं असेल तर वेदनाशामक, सलाइन, ऊब आणि सिरिंजने भरवलेली गवताची पातळ पेज यांनी ससा सावरतो. अडथळा असेल तर जबरदस्तीने भरवणं घातक आणि वेळ फार थोडा. हा फरक ओळखायला एक्स-रे लागतो, शरीराचं तापमान लागतं आणि एक साधन असं आहे की जे नाशिकमधल्या असंख्य घरांत मधुमेहासाठी पडून आहे, ग्लुकोमीटर. ब्रिटनमधील पशुवैद्यक फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी सहलेखकासह २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आतडं अडलेल्या सशांची रक्तशर्करा फार चढलेली आढळली. साधारण ३६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वरचा आकडा हा गंभीर इशारा मानला जातो. नुसतं मंदावलेल्या पोटात ती एवढी चढत नाही. ग्लुकोमीटर एकटा निदान करत नाही. पण रात्री एक्स-रे मिळत नसेल तेव्हा डॉक्टरने कानाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब निर्णयाला दिशा देतो.

दातांचं दुखणं याच साखळीतलं. सशाचे २८ दात जन्मभर वाढत राहतात; पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. ते झिजतात गवत चघळण्याने. गवत कमी पडलं की दाढांना टोकं येतात आणि ती जिभेला, गालाला कापतात. हनुवटी ओली राहते, ससा खाण्याकडे धावतो आणि तोंड लावून मागे फिरतो. पुढचे दात बघून दात ठीक आहेत असा निर्वाळा देणं पुरेसं नसतं. कानात बघायचा ऑटोस्कोप तोंडात घालून दाढा बघाव्या लागतात, कित्येकदा भूल देऊन. वाढलेले पटाशीचे दात नेलकटरने तोडण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. त्याने दाताला मुळापर्यंत चीर जाऊन पुढे गळू होतं. त्यासाठी दंतवैद्याकडे असतं तसं फिरतं यंत्र वापरायचं असतं.

मादीची शस्त्रक्रिया

दुकानदार बहिणी म्हणून देतो आणि महिन्याभरात पिंजऱ्यात पिल्लं दिसतात, ही गोष्ट ससा पाळणाऱ्या कित्येकांच्या परिचयाची. गर्भकाळ जेमतेम ३० ते ३१ दिवसांचा, आणि मादी व्याल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पण नसबंदीचं कारण एवढंच नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण काही जातींत ६० टक्क्यांपर्यंत गेल्याचं जुन्या संशोधनातूनच दिसून आलं आहे. लघवीतून रक्त येतं, घरचे ते गाजराचा रंग समजतात.

डॉक्टर या शस्त्रक्रियेला कचरतात त्यालाही आधार आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळलं. निरोगी सशांत ते याच्या जवळपास निम्मं होतं. म्हणजे धोका आहे, पण तो तयारीने कमी होणारा आहे. आयसोफ्लुरेन वायूची भूल, अंगाची ऊब टिकवणं, वेदनाशामक आणि शुद्धीवर आल्यावर काही तासांत खाणं सुरू करणं या चार गोष्टी पाळणारा डॉक्टर शोधावा. चार वर्षांनंतर येणाऱ्या गाठीपेक्षा सहा-आठ महिन्यांच्या निरोगी मादीची नियोजित शस्त्रक्रिया कधीही बरी.

नाशिकचं ऊन, नाशिकचा चारा

पुस्तकातला सल्ला आपल्या गावाला लावून घ्यावा लागतो. सशाला घाम येत नाही. तो उष्णता मुख्यतः कानांतून सोडतो. तिशीच्या आसपास पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला जाऊन भिडतो. पत्र्याच्या शेडखाली किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेला ससा दुपारी दोन तासांत मरू शकतो. वीज जाईल हे गृहीत धरून पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवाव्यात, फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवाव्यात, कान ओल्या हाताने पुसावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्या धक्क्याने अपाय होतो. नाशिकची थंडी त्याला मानवते, फक्त ओल आणि वाऱ्याचा झोत नको. पावसाळ्यात बूड ओलं-घाण राहिलं तर माशा अंडी घालतात आणि अळ्या पडतात, म्हणून श्रावणभर रोज उलटून बघावं.

चाऱ्याच्या बाबतीत आपलं शहर नशीबवान आहे. दुकानात परदेशी टिमोथी गवत महाग मिळतं. पण ताजी हरळी, मारवेल, वाळलेलं डोंगरी गवत, ओटचा चारा हे सगळं आसपासच्या गावांत पिकतं. बाजारात मिळणाऱ्या दूर्वा सशाचं उत्तम अन्न आहे. गोठ्यासाठी विकला जाणारा लसूणघास मात्र वाढत्या पिल्लापुरता ठीक. प्रौढ सशाला त्यातल्या जादा कॅल्शियमचा जाच होतो. सशाचं शरीर जादा कॅल्शियम लघवीतून टाकतं, त्याचा गाळ साचून खडे होतात. या जिल्ह्यासाठी दोन ताकिदी वेगळ्याने द्यायला हव्यात. लासलगावच्या पट्ट्यात कांदा आणि कांद्याची पात हाताशी असते. ती सशाच्या रक्तपेशींना मारक आहे. आणि द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी फवारणीमुळे ते सशासाठी नाही.

डॉक्टर कसा ओळखावा

परदेशात हा प्रश्न पालकांनीच हाती घेतला. कॅलिफोर्नियात १९८८ साली हाउस रॅबिट सोसायटी स्थापन झाली. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन सशांसाठी तयारी असलेल्या दवाखान्यांची निकष लावून यादी करते. आपल्याकडे अशी यादी हाती येईपर्यंत ती आपल्यालाच तयार करावी लागेल, आणि ती प्रश्न विचारूनच होईल.

ससा निरोगी असताना दवाखान्यात जावं आणि नम्रपणे विचारावं. महिन्याला साधारण किती ससे बघता? मादीची नसबंदी केली आहे का, भूल कोणती वापरता? आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं का? तोंडावाटे कोणतं प्रतिजैविक टाळता? दाढा कशाने बघता? रात्री फोन केला तर चालेल का, आणि नसेल तर कोणाकडे पाठवाल? ज्या डॉक्टरला सगळी उत्तरं येत नाहीत पण जो पुस्तक उघडून, सहकाऱ्याला विचारून सांगतो म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांचं सशांच्या वैद्यकावरचं पाठ्यपुस्तक २००२ पासून उपलब्ध आहे आणि मर्क पशुवैद्यकीय मॅन्युअलमधला सशांचा विभाग कोणालाही मोफत वाचता येतो. डॉक्टर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत असावा, एवढी अट मात्र सोडू नये. औषध दुकानदार, ससे विकणारा आणि मोबाइलवरचा अनोळखी जाणकार यांना १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार दिलेला नाही.

गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मुंबई सुमारे १७० किलोमीटर, पुणे सुमारे २१०. आजारी सशाला कसारा घाटातून चार तास नेणं हीच एक परीक्षा असते. म्हणून नाशिकच्या डॉक्टरने आधी वेदना आणि पाण्याची कमतरता सावरावी, मोठ्या शहरातल्या अनुभवी सहकाऱ्याशी फोनवर बोलावं आणि मगच प्रवास ठरवावा. डॉक्टर-डॉक्टरमधला असा दुवा पालकाच्या शोधाशोधीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

घरच्यांनीही आपल्या बाजूने तयारी ठेवावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून वहीत लिहावं. शिकार होणारा हा प्राणी दुखणं लपवतो, पण वजन लपवू शकत नाही. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली हवा. त्याची हाडं हलकी आणि मागच्या पायांची लाथ जोरकस, त्यामुळे हातातून झटापट झाली तर त्याचा स्वतःचाच मणका मोडतो. कान धरून उचलणं ही क्रूरता आहे.

जाता जाता रानसशाबद्दल. उसाच्या फडात, गव्हाच्या कापणीत सापडलेली पिल्लं अनाथ समजून घरी आणली जातात. घरातल्या सशाचं पिल्लू जन्मतः उघडं आणि मिटल्या डोळ्यांचं असतं. रानसशाचं पिल्लू केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं. आई त्याला मुद्दाम एकटं सोडून जाते आणि पाजायला तेवढी परत येते. त्याला तिथेच राहू द्यावं. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पाळता येत नाही.

कोणी काय करावं

हा प्रश्न सोडवायला मोठा निधी लागत नाही. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाने पाळीव सशांच्या वैद्यकावर दोन दिवसांची कार्यशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी घेतली, तर नाशिकच्या पाच-सहा तरुण डॉक्टरांचा हात त्यावर बसेल. पशुवैद्यकांच्या स्थानिक संघटनेने आपल्यातला सशांचा अनुभव कोणाला, एवढं जरी जाहीर केलं तरी रात्रीची निम्मी धावपळ वाचेल. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. महापालिका आणि मंडळाने तिची तपासणी करावी आणि प्रत्येक सशासोबत आहाराचा एक मराठी कागद द्यायला लावावं. पालकांनी ज्या डॉक्टरने ससा वाचवला त्याचं नाव इतरांना सांगावं, आणि त्याची फी हसत द्यावी. सशाच्या किमतीशी उपचाराच्या खर्चाची तुलना होत राहिली, तर कोणताही डॉक्टर या विषयात वेळ घालणार नाही.

या दिवाळीत मुलं ससा मागतील. तो जरूर आणावा, पण आधी त्याचा डॉक्टर ठरवावा, त्याचा नंबर फोनमध्ये लिहून घ्यावा, मग पिंजरा घ्यावा आणि सर्वांत शेवटी ससा. डॉक्टर सापडला नाही तर ससा आणू नये.